भाषा बदलली, तारीख मात्र जुनीच! चालू ॲपमध्ये तारखा नव्या भाषेत कशा आणायच्या

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीजवळ एका मच्छीमार सोसायटीत मी लिहिलेलं एक छोटं ॲप चालतं. बोट कधी निघाली, कधी परतली, बर्फ किती, डिझेल किती, एवढाच हिशेब. टेबलावर टॅब्लेट एकच, वापरणारे मात्र नाना तऱ्हेचे. तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, मराठीत वाचतात, खलाशांपैकी बरेच नेपाळहून आलेले, ते नेपाळीचं बटण दाबतात, कुणी हिंदीचं, आणि हिशेबनीस इंग्रजीत काम करतो. दिवसातून पंचवीस वेळा भाषा बदलते आणि ॲप बंद करून पुन्हा चालू करायला कुणालाही सवड नसते.

पहिल्याच आठवड्यात एका तांडेलकाकांनी मला हाक मारली. "अरे, वर सगळं मराठी आणि तारीख तेवढी हिंदी. ही काय भाड्यानं आणलीस?" बघतो तर मथळा मराठी, बटणं मराठी आणि यादीत 'सितंबर'. आधीच्या खलाशानं हिंदी निवडली होती, ती तारखेला चिकटून बसली होती.

चूक माझीच होती, आणि ती फार जणांकडून होते. म्हणून दुरुस्तीची वाट पायरी-पायरीनं लिहितो. उदाहरणं जावास्क्रिप्टची आहेत, इतर भाषांतले खड्डे शेवटाकडे येतील. कोड इथं नागरीत लिहिला आहे. चलांना आणि फंक्शनांना देवनागरी नावं जावास्क्रिप्टमध्ये खरोखर चालतात. कीवर्ड आणि तयार ऑब्जेक्टांची नावं मात्र उच्चाराप्रमाणे दिली आहेत, ती एडिटरमध्ये नेहमीच्या रोमन स्पेलिंगनं टाका.

आधी रोग ओळखा

माझी जुनी लायब्ररी अशी होती:

```
कॉन्स्ट लेखक = न्यू इंटल.डेटटाइमफॉरमॅट(चालूभाषा(), {
  डे: 'न्यूमरिक', मंथ: 'लाँग', इयर: 'न्यूमरिक'
});

एक्स्पोर्ट फंक्शन तारीखलिही(तारीख) {
  रिटर्न लेखक.फॉरमॅट(तारीख);
}
```

दिसायला नीटनेटका. पण पहिली ओळ फाइल लोड होताना एकदाच चालते. इंटल म्हणजे तारखा आणि आकडे भाषेप्रमाणे लिहिणारी जावास्क्रिप्टची तयार सोय. तिचा फॉरमॅटर (तारीख लिहून देणारा ऑब्जेक्ट) जन्माला येतानाच आपली भाषा ठरवतो आणि नंतर ती बदलायची सोयच त्याच्यात नाही. 'सेटलोकेल' असलं काही शोधत बसू नका, सापडणार नाही. 'रिझॉल्व्ह्डऑप्शन्स' ही मेथड विचारली तर तो आपली भाषा प्रामाणिकपणे सांगतो. शंका आली की पहिल्यांदा तेच छापून बघावं.

हाच रोग दोन वेशांत आणखी भेटतो. एक म्हणजे तयार झालेली अक्षरंच साठवून ठेवणं: सर्व्हरकडून यादी आली की लगेच प्रत्येक नोंदीत 'तारीखमजकूर' भरायचा आणि पुढे तोच दाखवायचा. दुसरा म्हणजे तारखेच्या ऑब्जेक्टलाच भाषा चिकटलेली असणं. मोमेंट आणि लक्सन या लायब्रऱ्यांमध्ये असं होतं. अख्ख्या ॲपची भाषा बदलली तरी आधी तयार केलेल्या ऑब्जेक्टांजवळ जुनीच भाषा राहते, नवी भाषा फक्त त्यानंतर जन्मलेल्यांना मिळते. मग पडद्यावर अर्धी यादी एका भाषेत आणि अर्धी दुसऱ्या. शोधायला सगळ्यात वैताग हाच प्रकार.

तिन्हींत दोष एकच आहे. भाषा कुठली, हा प्रश्न फार लवकर विचारला गेला. तो तारीख पडद्यावर उमटायच्या क्षणी विचारायला हवा, त्याआधी नाही.

पायरी पहिली: साठवायचं ते फक्त मूल्य

डेटाबेसमध्ये, स्टेटमध्ये, एका कंपोनंटकडून दुसऱ्याकडे जाताना, सगळीकडे तारीख मूल्य म्हणूनच फिरली पाहिजे. इथं दोन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात.

बोट जेटीला लागली तो क्षण ही एक जात. ती यूटीसीमध्ये (सगळ्या जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत) ठेवा आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट सांगा. भाषेवरून टाइमझोन कधीच ठरवू नका. खलाशी नेपाळी भाषा निवडतो म्हणून बोट काही काठमांडूच्या वेळेनं, म्हणजे आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं, परतत नाही.

दुसरी जात नुसत्या दिवसाची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ६१ दिवस. बंदी उठते तो '१ ऑगस्ट' हा दिवस आहे, क्षण नव्हे. तो क्षण समजून ठेवला की घोटाळा झालाच. भारतातल्या घड्याळानं १ ऑगस्टची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ३१ जुलैचे संध्याकाळचे साडेसहा. 'टूआयएसओस्ट्रिंग' (तारीख यूटीसीत लिहून देणारी मेथड) वापरून पहिली दहा अक्षरं कापली की हातात ३१ जुलै येतो, म्हणजे बंदीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी कुणी ॲपवर विसंबून बोट काढली तर काय होईल, हे जेटीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून नुसता दिवस वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरात ठेवा. दाखवताना 'डेट.यूटीसी'नं त्याची तारीख बनवा आणि फॉरमॅटरलाही टाइमझोन 'यूटीसी'च द्या. दोन्ही टोकांना एकच झोन असला की दिवस सरकत नाही.

पायरी दुसरी: भाषेचा मालक एकच

चालू भाषा कुठून कळते? माझ्या ॲपमध्ये तीन ठिकाणांहून कळत होती: भाषांतराच्या लायब्ररीतून, ब्राउझरच्या 'नॅव्हिगेटर.लँग्वेज'मधून आणि लोकलस्टोरेजमधून. तिघांचं एकमत होईपर्यंत पडदा रंगून मोकळा. एक छोटं मॉड्यूल करा. त्यात तीन गोष्टी पुरतात: भाषा सांगणारं फंक्शन, बदलणारं फंक्शन, आणि बदल झाला की कळवायची यादी. त्या यादीत नाव घालणाऱ्याला नाव काढायचीही सोय द्या. नाहीतर बंद झालेले पडदेही निरोप ऐकत राहतात आणि मेमरी फुगते.

बदलाचा क्रम महत्त्वाचा आहे. बटण दाबल्या दाबल्या तारखेची भाषा बदलली आणि भाषांतराची फाइल मोबाइलच्या अशक्त नेटवर्कवरून रमतगमत आली, तर मधल्या काळात तारखा मराठी आणि बटणं इंग्रजी असा तमाशा दिसतो. आधी फाइल येऊ द्या, मग भाषा बदलल्याची दवंडी पिटा. आय-एटीन-नेक्स्ट ही भाषांतराची लायब्ररी वापरत असाल तर त्याच्या 'लँग्वेजचेंज्ड' या घटनेला कान लावा, बटणाच्या क्लिकला नको.

त्याच जागी मुळाच्या एचटीएमएल घटकाचं 'लँग' गुणविशेषही बदलून टाका. स्क्रीन रीडरला त्याची गरज असतेच. शिवाय काही देवनागरी फॉन्ट भाषा मराठी आहे असं कळलं की ल आणि श आपल्या वळणाचे काढतात, हिंदीच्या नाही. तांडेलकाकांना हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण 'आता बरं दिसतंय' असं ते म्हणाले खरे.

पायरी तिसरी: फॉरमॅटर विचारून घ्या, धरून ठेवू नका

आता मुख्य दुरुस्ती. सरळ उपाय म्हणजे दर वेळी नवा फॉरमॅटर बनवायचा. 'टूलोकेलडेटस्ट्रिंग' साधारण तेच करतं. चारदोन तारखांना चालेल. पण फॉरमॅटर बनवणं हे तारीख लिहिण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे. हंगामभराच्या नोंदींची लांबलचक यादी स्वस्तातल्या टॅब्लेटवर सरकवून बघा, बोटाखाली अडखळते. म्हणून साठा ठेवायचा, पण भाषेच्या किल्लीनं:

```
कॉन्स्ट साठा = न्यू मॅप();

फंक्शन लेखकदे(भाषा, प्रकार) {
  कॉन्स्ट किल्ली = भाषा + '|' + प्रकार;
  लेट लेखक = साठा.गेट(किल्ली);
  इफ (!लेखक) {
    लेखक = न्यू इंटल.डेटटाइमफॉरमॅट(भाषा, प्रकारयादी[प्रकार]);
    साठा.सेट(किल्ली, लेखक);
  }
  रिटर्न लेखक;
}

एक्स्पोर्ट फंक्शन तारीखलिही(तारीख, प्रकार, भाषा = चालूभाषा()) {
  रिटर्न लेखकदे(भाषा, प्रकार).फॉरमॅट(तारीख);
}
```

शेवटच्या फंक्शनमधला 'भाषा = चालूभाषा()' हा भाग बघा. जावास्क्रिप्टमध्ये असं डिफॉल्ट मूल्य दर हाकेला नव्यानं काढलं जातं, म्हणून हे चालतं. हीच ओळ पायथनमध्ये तशीच्या तशी उतरवली तर फसाल: तिथं डिफॉल्ट मूल्य फंक्शन घडवताना एकदाच काढतात आणि कायमचं गोठवतात. पायथनमध्ये डिफॉल्ट 'नन' ठेवून आत विचारावं.

भाषा बदलल्यावर साठा रिकामा करायची गरज नाही. माझ्या ॲपमध्ये चार भाषा आणि पाच प्रकार, म्हणजे फार तर वीस फॉरमॅटर. 'प्रकार' ही मोजकी ठरलेली नावंच ठेवा: 'दिवस', 'दिवसवेळ', 'महिना' अशी; 'प्रकारयादी'त प्रत्येक नावापुढे त्याचे ऑप्शन असतात. वापरणाऱ्याला मनाला येईल तो ऑप्शन ऑब्जेक्ट देऊ दिलात तर त्याची किल्ली बनवणं हीच एक डोकेदुखी होते आणि साठाही वाढत जातो. टाइमझोनही प्रकारातच बांधून टाका.

भाषा हा तिसरा पॅरामीटर मी मुद्दाम उघडा ठेवला आहे. पावती छापताना ती लागते. पडद्यावर कुठलीही भाषा असो, हिशेबाची छापील पावती सोसायटीच्या ठरलेल्या भाषेतच निघाली पाहिजे. सर्व्हरवर तर ती द्यायलाच हवी. तिथं 'चालू भाषा' अशी सगळ्यांना मिळून एकच वस्तू ठेवलीत तर एका माणसाची भाषा दुसऱ्याच्या उत्तरात शिरते.

पायरी चौथी: पडद्याला जागं करा

फंक्शन सुधारलं तरी पडदा आपोआप बदलत नाही. ते फंक्शन पुन्हा कुणीतरी हाकारावं लागतं.

रिॲक्ट या फ्रेमवर्कमध्ये इथं हमखास पाय घसरतो. 'मेमो' केलेल्या (काही बदलेपर्यंत जुनंच चित्र वापरणाऱ्या) कंपोनंटला तारीख हाच प्रॉप, म्हणजे बाहेरून मिळणारं मूल्य, असतो. भाषा बदलली, तारीख तीच राहिली, म्हणून रिॲक्ट म्हणतं की काही बदललं नाही, आणि जुनंच चित्र ठेवतं. 'यूजमेमो'च्या अवलंबन यादीत भाषा लिहायची राहिली तरी तेच. उपाय असा, की भाषेच्या मॉड्यूलला 'यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर'नं जोडा (रिॲक्ट १८पासून ते आहे), त्यातून एक छोटा हुक बनवा, आणि तारीख दाखवणारं प्रत्येक कंपोनंट तो हुकच वापरील असा दंडक घाला. व्ह्यू या फ्रेमवर्कमध्ये भाषा 'रेफ'मध्ये ठेवून तारीख 'कम्प्युटेड'मधून काढली की निम्मं काम आपसूक होतं.

कुठलंच फ्रेमवर्क नसेल तर 'टाइम' हा एचटीएमएल घटक वापरा. त्याच्या 'डेटटाइम' गुणविशेषात मूळ मूल्य असतं. भाषा बदलली की पानावरचे सगळे असे घटक शोधायचे, मूल्य वाचायचं, मजकूर नव्यानं लिहायचा. दहाएक ओळींत काम होतं, आणि मला तर हीच तऱ्हा सगळ्यात आवडते.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाऱ्हाणी येतील. तारीख निवडायची ब्राउझरची स्वतःची चौकट ब्राउझरच्या भाषेत उघडते, तुमच्या ॲपच्या नाही. तिच्यातून मिळणारं मूल्य मात्र कायम वर्ष-महिना-दिवस याच साच्यात असतं, तेवढं सुख. चौकटही बदलायलाच हवी असेल तर स्वतःची लिहावी लागेल.

पायरी पाचवी: भाषेची पाटी नीट लिहा

भाषांतराच्या फायलींची नावं कुणीतरी अंडरस्कोर घालून ठेवलेली असतात. तेच नाव पाटी म्हणून, म्हणजे भाषेचा कोड म्हणून, इंटलला दिलं की तो 'रेंजएरर' फेकतो. त्याला मधे हायफन लागतो. जावाकडून भाषा येत असेल तर 'टूस्ट्रिंग' अंडरस्कोर देतं, 'टूलँग्वेजटॅग' हायफन. मालकाच्या मॉड्यूलमध्ये शिरतानाच पाटी एकदा स्वच्छ करून घ्या.

चूक झाली की ओरडणारा कोड परवडला. पाटी व्याकरणानं बरोबर आहे पण त्या भाषेची माहितीच यंत्रावर नाही, तेव्हा इंटल गपचूप यंत्राच्या डिफॉल्ट भाषेवर घसरतो. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) तेराव्या आवृत्तीआधी मूळ बांधणीत इंग्रजीचीच माहिती असायची, तेव्हा मराठी मागून इंग्रजी मिळालेली मंडळी पुष्कळ. कोकणीसारखी भाषा द्यायची असेल तर भाषांची उतरती यादीच द्या: आधी कोकणी, नाही तर मराठी, नाही तर इंग्रजी. इंटल यादी स्वीकारतो. ॲप सुरू होताना 'सपोर्टेडलोकेल्सऑफ'नं एकदा तपासून लॉगमध्ये लिहून ठेवलंत तर गावाहून फोन आल्यावर अंदाज बांधावे लागत नाहीत.

अंकांचं काय?

इथं थोडं थांबतो, कारण मराठी वाचकाला हाच भाग सगळ्यात जवळचा.

मराठी लोकेल, म्हणजे मराठीची पाटी, दिलं की इंटल अंकही देवनागरी देतो. नेपाळीतही तसंच. हिंदीत मात्र डिफॉल्ट अंक इंग्रजी आहेत. म्हणजे भाषा बदलली की महिन्याच्या नावाबरोबर अंकांची लिपीही पालटते. तांडेलकाकांना १२ असं वाचायला आवडतं. हिशेबनिसाला बँकेच्या कागदाशी ताळा करायचा असतो, त्याला मराठी पडद्यावरही इंग्रजी अंक हवेत. दोघंही बरोबर आहेत. अंकांची पसंती ही वेगळी सेटिंग ठेवा आणि फॉरमॅटरला 'नंबरिंगसिस्टिम' या ऑप्शनमधून 'देवा' किंवा 'लॅटिन'चा कोड द्या. मग ही पसंती साठ्याच्या किल्लीतही घालायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि अंक बदलायचं बटण दुपारभर मुकं होतं.

देवनागरी अंकांतली तारीख पडद्यावरून वाचून पुन्हा आकड्यात आणायचा मोह टाळा. जावास्क्रिप्टचं 'नंबर' अशा मजकुरावर 'नॅन' (हा आकडा नव्हे) देतं आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं अंकाचं चिन्हही त्याला ओळखत नाही. पायथन दोन्ही ओळखतो. त्यामुळे सर्व्हरवर चाललेली युक्ती ब्राउझरमध्ये आपटते.

'आज', 'काल', 'उद्या' असे शब्द हवे असतील तर इंटलचा 'रिलेटिव्हटाइमफॉरमॅट' आहे, त्यालाही वरचाच साठा लावा. पण बोटीच्या नोंदीत मी ते काढून टाकले. हिंदीत काल आणि उद्या दोन्ही 'कल'. 'बोट कल' यावरून ती आली की यायची आहे, हे कुणी ठरवायचं?

तिथीची मागणीही आली, कारण उधाणाचा हिशेब अमावास्या-पौर्णिमेवर चालतो. इंटलमध्ये भारतीय राष्ट्रीय पंचांग आहे, म्हणजे १९५७ साली सरकारनं स्वीकारलेलं शके वर्षाचं. ते सौर आहे, त्यात तिथी नाही. नेपाळचं विक्रम संवतही इंटलच्या कॅलेंडरांत नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी लागते. महिन्यांची नावं बदलून तिथी दाखवल्याचा आव आणू नये.

वाक्यात तारीख घालतानाही सांभाळा. 'ऑगस्ट'ला कोडमधून 'पासून' चिकटवलंत तर हिंदीत आणि नेपाळीत ते जोडकाम कोण करणार? पूर्ण वाक्य भाषांतराच्या फाइलीत ठेवा आणि तारखेची जागा मोकळी सोडा. मराठीत 'रोजी' किंवा नुसता 'परत आली:' असा मथळा घेतला की प्रत्ययाची कटकटच मिटते.

इतर घरांतले खड्डे

जावा आणि कॉटलिनमध्ये 'डेटटाइमफॉरमॅटर' स्थिर (स्टॅटिक) फील्डमध्ये ठेवायची सवय सर्वत्र आहे. तोही बनतानाची डिफॉल्ट भाषा पकडून बसतो. अँड्रॉइडवर भाषा बदलली की ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा) नव्यानं बनते, पण प्रोसेस तीच राहते, त्यामुळे स्थिर फील्ड जुनंच. अँड्रॉइड १३पासून प्रत्येक ॲपची भाषा सेटिंगमधून वेगळी बदलता येते, म्हणजे हा खड्डा आता अधिक जणांच्या वाटेत आहे. 'विथलोकेल' नवी प्रत देतं, जुनीला हात लावत नाही. आणखी एक गंमत: त्यानं महिना मराठी होतो, अंक इंग्रजीच राहतात, कारण अंकांची शैली तिथं वेगळी साठवलेली असते. जावा १०पासून 'लोकलाइज्डबाय' आहे, त्याला अंकपद्धतीसकट भाषेची पाटी द्यावी.

स्विफ्टमध्ये 'लोकेल.करंट' हा त्या क्षणाचा फोटो असतो, बदलाबरोबर राहायचं तर 'ऑटोअपडेटिंगकरंट'. डार्टचा 'डेटफॉरमॅट' बनवतानाच भाषा घेतो, तेव्हा तो पडदा रंगवणाऱ्या 'बिल्ड' मेथडच्या आत मागावा. पायथनचं 'सेटलोकेल' अख्ख्या प्रोसेसची भाषा बदलतं, वेबसर्व्हरवर त्याच्या वाटेला जाऊ नका. बेबल लायब्ररीला दर हाकेत भाषा देता येते, ते बरं.

चाचणी, आणि ती कुठल्या महिन्यात घ्यावी

माझा दोष माझ्या चाचण्यांनी का पकडला नाही, हे सांगायचं राहिलं. मी चाचणीत मार्चमधली तारीख घेतली होती आणि अंक इंग्रजी ठरवले होते. मराठी, हिंदी, नेपाळी तिन्हींत मार्च हा 'मार्च'च. भाषा बदलो न बदलो, चाचणी हिरवी! जूनही मराठी-हिंदीत सारखाच, आणि मे मराठी-नेपाळीत. सप्टेंबर घ्या: मराठीत सप्टेंबर, हिंदीत सितंबर, नेपाळीत सेप्टेम्बर. तिघं तीन तोंडांचे.

चाचणी अशी लिहा. मराठीत तारीख लिहून घ्या, हिंदी करा, तीच तारीख पुन्हा लिहा, मग मराठीवर परत या. परतीची फेरी गाळू नका, साठ्याच्या किल्लीतले दोष तिथंच उघडे पडतात. दुसऱ्या चाचणीत आधी पडद्यावर यादी काढा, मग भाषा बदला आणि तीच यादी तपासा. पहिल्या चाचणीत लायब्ररी पकडली जाते, दुसरीत पडदा.

उत्तर अक्षर-अक्षर जुळवायला जाऊ नका. भाषांची माहिती सीएलडीआर या सामायिक भांडारातून येते आणि ती बदलत असते. सीएलडीआर ४२मध्ये इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथं अरुंद न तुटणारी जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, चाचण्या मात्र धडाधड पडल्या. त्यापेक्षा 'फॉरमॅटटूपार्ट्स'नं तुकडे करा आणि महिन्याचा तुकडा अपेक्षित शब्दाशी ताडा.

शेवटी मी एक गावठी चाचणीही घेतो. टॅब्लेट जेटीवर नेतो, यादी उघडी ठेवून चारही भाषांची बटणं एकामागून एक दाबतो, आणि दर वेळी १ ऑगस्टची ओळ बघतो. ती १ ऑगस्टच दाखवते का, आणि महिना त्या त्या भाषेत येतो का, हे दोनच प्रश्न. तांडेलकाका हल्ली माझ्याआधीच बटण दाबून मोकळे होतात.